कामगारांची निष्ठा आणि कामातले समाधान

ले. ऊस विकास अधिकारी



कोणत्याही सहकारी साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल उघडून पाहावा. बँकांचे, साखर आयुक्तालयाचे, तोडणी-वाहतूकदारांचे आभार मानून झाले की शेवटी शेवटी एक वाक्य हमखास येते : "अधिकारी व कामगार यांनी निष्ठेने काम केल्यामुळेच हा हंगाम यशस्वी होऊ शकला." हंगाम चांगला जावो की वाईट, वाक्य तेच. वाईट गेला असेल तर 'प्रतिकूल परिस्थितीतही' हे दोन शब्द पुढे जोडतात, एवढाच फरक. सभेत ते वाचले जाते, टाळ्या पडतात आणि मंडळी जेवायला उठतात. ही निष्ठा म्हणजे नेमके काय, ती येते कुठून आणि जाते कशाने, याचा विचार त्या सभेत काय किंवा एरवी काय, फारसा होत नाही. तो थोडा करावा म्हणून हा लेख. मी स्वतः कारखान्याच्या नोकरीत आहे आणि मालकांना, म्हणजे तुम्हालाच, उद्देशून लिहितो आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे.

प्रथम एक घोळ दूर केला पाहिजे. 'अमक्याची पंचवीस वर्षे सर्व्हिस झाली, निष्ठावान माणूस' असे आपण सहज बोलून जातो. पंचवीस वर्षे टिकला हे खरे. पण टिकणे आणि निष्ठा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गावात चार एकर जमीन आहे, आईवडील म्हातारे आहेत, पोरे इथल्याच हायस्कुलात जातात, आणि पन्नास-साठ किलोमीटरवरचा दुसरा कारखाना आपल्याला घेईल याची खात्री नाही, म्हणूनही माणूस टिकतो. राज्यातल्या आजारी पडलेल्या काही कारखान्यांत कामगारांचे पगार महिनोन्महिने थकले, तरी माणसे गेटवर हजेरी लावत राहिली. त्यांच्या मनात कारखान्याबद्दल प्रेम नव्हते असे मी म्हणत नाही. पण थकलेला पगार, फंड आणि ग्रॅच्युइटी हातची जाईल ही धास्तीही होतीच. तिला निष्ठा म्हणणे म्हणजे दाव्याला बांधलेल्या बैलाला गोठ्याची फार ओढ आहे असे म्हणण्यापैकी आहे.

आपल्या धंद्याला ही बांधून ठेवण्याची सवय जुनीच आहे. बीडकडून येणारा कोयता (म्हणजे नवरा-बायकोची जोडी) मुकादमाची उचल घेऊन येतो. उचल फिटेपर्यंत त्याला टोळी सोडता येत नाही. तो तर आपला नोकरही नाही, करार मुकादमाशी; पण त्याच्या कोयत्यावर आपली गव्हाण चालते. फडातला माणूस उचलीने राहतो हे पाहून पाहून ऑफिसातला आणि मिलमधला माणूसही तसाच राहील, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. राहतोही. पण मोळी घट्ट बांधतो का, बुडख्यापासून तोडतो का, पाचट गाडीत भरतो का, हे उचलीने ठरत नाही. ते त्याच्या मनावर असते.

दुसरा घोळ याहून नाजूक आहे. निष्ठा कोणाशी? आपल्याकडे नोकरी लागते ती बहुधा कोणाच्या तरी शब्दावर. ज्याने शब्द टाकला त्याचे उपकार माणूस विसरत नाही, आणि विसरूही नये. तो आपल्या मातीचा गुण आहे. पण मग अडचणीच्या वेळी त्याची निष्ठा त्या शब्द टाकणाऱ्याकडे जाते, कामाकडे नाही. काट्यावरचा कारकून घ्या. सभासदाला त्याच्याकडून काय पाहिजे? गाडी कोणाचीही असो, वजन तेच लिहिले जावे. म्हणजे त्याने काट्याशी इमान राखावे, एवढेच. हे इमान भाषणाने येत नाही आणि उपकारानेही येत नाही. ते येते आपले काम चोख आहे, लोक ते ओळखतात, आणि त्यात कोणी ढवळाढवळ करत नाही या भावनेतून. यालाच मी कामातले समाधान म्हणतो.

समाधान म्हटले की काही जणांना वाटते, पंख्याखाली बसून चहा पिणे. तसला समाधानी माणूसही मी पाहिला आहे. खुर्चीत डुलकी काढतो, पहिल्या तारखेला पगार घेतो, त्याची कशाबद्दल तक्रार नाही आणि त्याच्याबद्दल कोणाला आशा नाही. तो समाधानी नाही, तो सुस्त आहे. खरे समाधान कसे असते ते पाहायचे असेल तर रात्रपाळीला बॉयलिंग हाऊसमध्ये जावे. पॅनमन पॅनपाशी उभा असतो. थोड्या थोड्या वेळाने नमुना बाहेर काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो, दिव्यासमोर धरतो. दाणा पडला का, सारखा वाढतोय का, मध्येच बारीक खोटा दाणा धरलाय का, हे तो डोळ्यांनी पाहतो. बोटांच्या चिमटीत धरून तार बघतो. यंत्रे आली, मीटर आले, तरी जुना पॅनमन चिमटीवरचा विश्वास सोडत नाही. दाणा एकसारखा आणि चकचकीत उतरला की तो शेजारच्या पोराला हाक मारून पट्टी दाखवतो. त्या वेळी त्याला कोणी बोनस दिलेला नसतो. एल-३० करायला घेतलेली साखर एल-३० च निघाली, एवढाच त्याचा आनंद. असा माणूस आजारी असला तरी पाळीवर का येतो, हे त्याला विचारावे लागत नाही.

आता त्याच पॅनमनच्या पॅनला पुरेशी वाफ मिळत नाही, कारण बॉयलरचे काम ऑफ-सीझनमध्ये अर्धे राहिले. दाणा बिघडतो. सकाळी चिट्ठी येते ती मात्र त्याच्या नावावर : 'रंग व दाणा असमाधानकारक, खुलासा करावा.' असे एका हंगामात चार वेळा झाले की पाचव्या वेळी तो काचेची पट्टी दिव्यासमोर धरणार नाही. टाकी भरली, पॅन सोडला, पाळी संपली. नोकरी त्याने सोडलेली नाही. हजेरीपटावर तो आहेच.

कामाच्या समाधानाचा शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता. पिट्सबर्गच्या परिसरातील सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनीस यांना त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी साधा प्रश्न विचारला : कामावर तुम्हाला फार बरे केव्हा वाटले आणि फार वाईट केव्हा वाटले? १९५९ साली त्यांचे पुस्तक निघाले. वाईट केव्हा वाटले याची उत्तरे पगार, वरिष्ठांची वागणूक, कंपनीचे नियम यांच्याभोवती होती. बरे केव्हा वाटले याची उत्तरे बहुतेक वेगळीच निघाली : एखादे अवघड काम तडीस गेले, कोणी त्याची दखल घेतली, जबाबदारी मिळाली. म्हणजे नाराजी दूर केली की समाधान आपोआप येते असे नाही. पुढच्या अभ्यासकांनी यावर शंका काढली की, चांगले झाले ते माझ्यामुळे आणि वाईट झाले ते परिस्थितीमुळे, असे माणूस सांगतोच. शंका रास्त आहे. आपल्या फडातही उतारा आला की शेतकऱ्यामुळे आणि घटला की कारखान्यामुळे, असेच असते! तरी मूळ मुद्दा मला पटतो, कारण तो उसाला लागू पडतो. पाणी नसेल तर ऊस वाळतो, यात वाद नाही. पण नुसते पाणी पाजत राहिले तर ऊस वाढतो, लोळतो, साखर भरत नाही. पगार हे पाणी आहे. ते वेळेवर आणि पुरेसे मिळालेच पाहिजे. पगार थकवून निष्ठेवर व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण साखर भरते ती दुसऱ्या गोष्टींनी.

आता माझ्या खात्याकडे येतो, कारण तिथली नस मला ठाऊक आहे आणि मला खरे बोलायचे आहे ते तिथलेच.

गटातला स्लिपबॉय, काही भागांत चिटबॉय म्हणतात, हा कारखान्यातला सगळ्यात तळाचा माणूस समजला जातो. काम पाहा. जुलै-ऑगस्टची आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी, पुढे सुरू, शिवाय खोडवा. प्रत्येक प्लॉटवर जाऊन लागणीची तारीख, जात, क्षेत्र याची नोंद घ्यायची. पुढे हंगाम तोंडावर आला की रिफ्रॅक्टोमीटर घेऊन उभ्या उसात शिरायचे. वरच्या कांडीतला रस घ्यायचा, खालच्या कांडीतला घ्यायचा, दोन्हीचे ब्रिक्स पाहायचे. दोन्ही आकडे जवळ जवळ आले म्हणजे ऊस पक्व झाला. खाली एकवीस आणि वर पंधरा असेल तर अजून थांबायला पाहिजे. अंगाला कूस लागते, पाते कापते, बांधावरून मोटरसायकल घसरते. हे सगळे करून तो जो कागद तयार करतो, त्यावरून तोडणीचा कार्यक्रम ठरतो. खरे पाहता साखर उसात तयार होते, कारखान्यात नाही. कारखाना ती फक्त काढून घेतो. ती केव्हा काढायची हे सांगणारा पहिला माणूस म्हणजे हा पोरगा.

मग काय होते? कार्यक्रम लागतो. चार दिवस चालतो. पाचव्या दिवशी फोन येतो. 'आपल्या पाहुण्यांचा प्लॉट आहे, लग्न आहे घरात, उद्या टोळी पाठवा.' दुसरा फोन, तिसरा फोन. कोणाकोणाचे येतात ते सांगण्याची गरज नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कित्येकांनी ते केले आहेत आणि बाकीच्यांनी करवले आहेत. टोळी वळते. दहा महिन्यांचा कोवळा खोडवा तुटतो आणि सतरा महिने झालेला आडसाली तुरा धरून पोकळ पडत उभा राहतो. ज्याचा आडसाली राहिला तो शेतकरी शिव्या कोणाला देतो? फोन करणाऱ्याला नाही. बांधावर उभ्या असलेल्या त्या पोराला, गावासमोर.

आमच्या गटातल्या एका स्लिपबॉयचे ब्रिक्सचे आकडे दरवर्षी सगळ्यात नेटके असत. मागे एकदा त्याची वही तपासताना दिसले की, ओळीने बारा प्लॉटला एकच आकडा आहे. विचारले तर मान खाली घालून म्हणाला, "सायेब, कशाला मोजायचं? फोन आला की तुटतंयच की." त्याला मेमो देता आला असता. नियमात बसत होते. पण त्या उत्तराला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पोरगा आळशी नव्हता, आधीची पाच वर्षे त्याची वही साक्ष देत होती. त्याच्या मोजण्याला किंमत नाही हे आपण सगळ्यांनी मिळून त्याला शिकवले होते, आणि तो शिकला. पुढच्या वर्षी तो एका खाजगी कारखान्यात गेला. तिथे पगार थोडा जास्त होता, पण फार नाही. जाताना पेढे द्यायला आला तेव्हा पगाराबद्दल एक शब्द बोलला नाही. "तिथं प्रोग्राम मोबाईलवर निघतो, कुणी हलवत न्हाई म्हणत्यात," एवढेच म्हणाला. तिथले खरे काय ते मला माहीत नाही. पण हलवत नाहीत या एका ऐकीव गोष्टीवर माणूस घरची भाकरी सोडून गेला, हे मात्र माहीत आहे.

याची किंमत भावनेत नव्हे, रुपयांत सांगतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरवली आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे वाढ धरली. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे ०.१ टक्क्याला ३,४६० रुपये होतात. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याच्या सगळ्या सभासदांचे मिळून १ कोटी ७३ लाख. उतारा घटण्याची कारणे पुष्कळ आहेत. पाऊस, जात, तोडल्यानंतर गाडी केनयार्डात ताटकळणे (चोवीस तासांच्या आत गाळप झाले नाही तर साखर उतरू लागते), मिलची बंद पडझड. सगळे खापर पाळी मोडण्यावर फोडणे बरोबर नाही. पण ०.१ टक्का म्हणजे अगदीच थोडे असते, आणि कोवळा ऊस आधी, पक्व ऊस मागे, असे गटागटांत चालले तर तेवढे जायला वेळ लागत नाही. फोन फुकट असतो असे आपल्याला वाटते.

काही सभासद म्हणतील, 'साहेब, पगार घेता ना? मग मोजायला काय जाते? समाधान कसले मागता?' प्रश्न सरळ आहे आणि उत्तरही सरळ आहे. पगारासाठी माणूस प्लॉटवर जाईल. पण उसाच्या आत शिरला की बांधावरूनच आकडा लिहिला, हे पगार देणाऱ्याला कळत नाही. कारखान्यातली निम्मी कामे अशीच आहेत. फायरमनने रात्री तीन वाजता चुलीत वाकून पाहिले का, फिटरने बेअरिंगला हात लावून ते तापलेय का बघितले, हे कोणत्याही रजिस्टरात येत नाही. जिथे कोणी बघत नाही तिथे माणूस काय करतो, तीच त्याची निष्ठा. आणि तिच्यावर पहारा बसवता येत नाही. उलट पहारा वाढवला की माणूस पहाऱ्यापुरते करतो. आणखी एक, कामात मान राहिला नाही की माणूस समाधान दुसरीकडे शोधतो. मग 'चहापाण्याशिवाय' टोळी मिळत नाही अशी ओरड होते. चहापाणी घेणारा दोषी आहेच. पण पाळी फोनने मिळते हे एकदा ठरले की ती पैशाने का मिळू नये, असा हिशेब तो करतो.

हंगामी कामगाराबद्दल दोन शब्द. कारखाना सहा महिने चालतो तेव्हा आपण त्याच्याकडून बारा महिन्यांची आपुलकी मागतो. २०२१-२२ चा हंगाम काही भागांत जूनपर्यंत चालला. २०२४-२५ चा बऱ्याच ठिकाणी फेब्रुवारी-मार्चमध्येच आटोपला. हंगाम आखडला की त्याची कमाई आखडते. रिटेन्शन अलाउन्स मिळाला तरी त्यावर घर चालत नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने कायम माणसाला वर्षामागे पंधरा दिवसांचा आणि हंगामी माणसाला हंगामामागे सात दिवसांचा पगार धरला, त्यामागे कायद्याचा हिशेब होता. पण मान द्यायला कायदा आडवा येत नाही. हंगामी माणसाला गेटवरच्या नोटिशीने 'हजर व्हावे' म्हणण्याऐवजी नावाने पत्र पाठवले तर टपालाला किती लागतात? आणि बॉयलरच्या अग्निप्रदीपनाचा एवढा समारंभ होतो, मंडप, पत्रिका, फेटे. सगळे फोटो मान्यवरांचे. पुढचे पाच महिने त्या आगीपाशी उभा राहणारा फायरमन त्या दिवशी कुठे असतो, हे एकदा पाहावे. बहुधा खुर्च्या लावत असतो. यंदा काडी त्याच्या हातून पेटली तर मान्यवरांचे काही कमी होईल असे मला वाटत नाही.

सगळी माणसे मानाने सुधारतात असा माझा भ्रम नाही. काही कशानेच सुधारत नाहीत, त्यांच्यासाठी नियम आहेत आणि ते वापरावेत. पण चांगल्या माणसाला बिघडवण्याची आपली पद्धत फार सोपी झाली आहे, तिच्यावर तरी आपला हात चालतो.

म्हणून येत्या हंगामासाठी संचालक मंडळाकडे मी एक सूचना लेखी दिली आहे, ती सभासदांच्याही कानावर घालतो. प्रत्येक गट ऑफिसात तोडणीचा कार्यक्रम फळ्यावर लागतोच. त्याशेजारी एक वही ठेवावी. त्या स्लिपबॉयने घेतलेले ब्रिक्सचे आकडे प्लॉटवार त्यात असावेत, त्याच्या नावानिशी, म्हणजे ते कोणाचे काम आहे हे गावाला दिसेल. पाळी मोडावी लागते तेव्हा ती मोडलीच पाहिजे. जळीत ऊस आला, ओढ्याला पाणी येऊन रस्ता बंद झाला, कोणाच्या घरी दवाखान्याचे मोठे संकट आले, तर थांबून चालत नाही. पण पाळी बदलली की त्या ओळीपुढे कारण लिहावे, आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलली त्याचे नाव लिहावे. नाव माझे असले तरी लिहावे. वही सभासदाने मागितली तर त्याला वाचायला मिळावी. मंडळाचा निर्णय अजून व्हायचा आहे. गटांच्या संख्येइतक्या वह्यांची मागणी मात्र मी स्टोअरकडे नोंदवून ठेवली आहे.